प्रवेशाचा दरवाजा आणि उन्हाळ्याची सुट्टी

दक्षिणेत नेमणूक होऊन आलेल्या मराठी कुटुंबांत दर वर्षी फाल्गुन-चैत्राच्या सुमारास एक प्रश्न हटकून निघतो. मुलांच्या सुट्टीचे काय करावयाचे? पूर्वी या प्रश्नाला एकच उत्तर होते आणि ते आगगाडीच्या तिकिटात सामावत असे. मुले आजोळी जात. आता उत्तरे पुष्कळ झाली आहेत. कोणी पुण्याच्या गणितवर्गाचे नाव काढतो, कोणी कोट्याचे, कोणी चेन्नईच्या दीड महिन्याच्या शिबिराचे. आणि ज्यांचे आप्त परदेशी आहेत ते अमेरिकन विद्यापीठांच्या उन्हाळी वर्गांची पत्रके दाखवितात. या सर्वांच्या मुळाशी शंका एकच असते. उन्हाळ्यात केलेला हा जादा अभ्यास पुढे कॉलेजात प्रवेश मिळविण्याच्या कामी येतो की नाही?

आम्ही काही इतिहासाचे पंडित नव्हे. केंद्र सरकारच्या एका कचेरीत हिशेबाचे कागद तपासणे हा आमचा उद्योग, आणि बी. ए. ला इतिहास हा विषय घेतला होता एवढेच आमचे भांडवल. परंतु नोकरीने आम्हांस ज्या गावी आणून ठेवले ते कुंभकोणम् या प्रश्नाच्या विचारास विलक्षण सोयीचे आहे. कॉलेजप्रवेशाच्या बहुतेक सर्व तऱ्हा या एका गावाने एकामागून एक पाहिल्या आहेत. तेव्हा शेजाऱ्याच्या मुलाला काय लाभले आणि मेव्हण्याच्या मुलीला काय लाभले, अशा दाखल्यांवर वाद घालण्यापेक्षा हे जुने दफ्तर एकदा उघडून पाहावे, असे आमच्या मनात आले.

कावेरी आणि अरसलार यांच्या मध्ये वसलेले हे गाव मराठी माणसास अगदीच परके नाही. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ मध्ये शेवटचे शिवाजीराजे पुत्राविना वारले तेव्हा कंपनीने ते राज्य बुडविले. राज्य गेले, राज्याची दफ्तरे लिहिणारी घराणी मात्र तेथेच राहिली. तंजावरात आणि कुंभकोणमात या घराण्यांना तमिळ शेजारी आजही ‘रायर’ म्हणतात. त्यांची मराठी ऐकली म्हणजे प्रथम आपणांस हसू येते आणि मग थोडे ओशाळल्यासारखे होते. कारण जी वळणे आपण विसरलो ती त्यांनी जपली आहेत. दरबार बुडाल्यावर या लेखणीवाल्या लोकांनी काय केले, हाच आमच्या विषयाचा खरा आरंभ आहे. त्यांनी इंग्रजी शाळेचा दरवाजा गाठला.

त्यापूर्वीची स्थिती दोन शब्दांत सांगून टाकतो. कुंभकोणम् येथील राजा वेदपाठशाळा गोविंद दीक्षितांनी १५४२ मध्ये स्थापिली अशी परंपरा आहे. अशा पाठशाळांत प्रवेशपरीक्षा नव्हती आणि उन्हाळ्याची सुट्टीही नव्हती. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी असे अनध्यायाचे दिवस महिनाभर विखुरलेले असत. स्मृतिकारांनी वर्षाचा जो क्रम घालून दिला त्यात श्रावणात उपाकर्म करून वेदपठणाला बसावे, साडेचार महिन्यांनी उत्सर्जन करावे, आणि त्यानंतर शुक्लपक्षात वेद व कृष्णपक्षात वेदांगे म्हणावीत असे सांगितले आहे. मुख्य अभ्यासाच्या विरामात पूरक अभ्यास करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही, एवढेच यावरून दिसते. मात्र त्या अभ्यासाने कोठला दरवाजा उघडावयाचा नव्हता. दरवाजा जन्मानेच उघडा असे किंवा जन्मानेच बंद.

इंग्रजी शिक्षण आले तेव्हा प्रथम प्रवेश होई तो ओळखीने आणि गुरूच्या पारखीने. याचे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमात जन्मले. वडील रंगराव त्रावणकोरचे दिवाण झालेले. १८४१ मध्ये मद्रासला सरकारी हायस्कूल निघाले, त्याचे मुख्य एअर बर्टन पॉवेल हे गणिताचे कसलेले शिक्षक होते. माधवराव त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि १८४६ मध्ये तेथून बाहेर पडले. पुढे त्यांनी काय केले? अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी धरली! ज्या पुरुषाने पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशी तीन संस्थाने चालविली, तो एके काळी आमच्याच जातीचा, म्हणजे हिशेबाच्या टेबलावरचा प्राणी होता, हे वाचून आमच्या कचेरीतील मंडळींस जो आनंद झाला तो येथे नमूद करणे अप्रस्तुत असले तरी आम्ही करीत आहोत. १८४९ मध्ये ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि तेथून त्यांचे दैव उघडले. त्यांच्या शिक्षणात कोणती परीक्षा निर्णायक ठरली असा शोध घेऊ लागलो तर हाती काही लागत नाही. घराण्याने त्यांस शाळेच्या दारापर्यंत नेले, पॉवेलसाहेबांनी आत घेतले, बाकीचे त्यांनी स्वतः केले.

१८५७ मध्ये मद्रास, मुंबई आणि कलकत्ता ही तीन विद्यापीठे स्थापन झाली आणि हा मामला पालटला. आता दारावर द्वारपाल म्हणून छापील प्रश्नपत्रिका उभी राहिली. कुंभकोणमात १८५४ मध्ये एक सरकारी प्रांतिक शाळा निघाली होती. तिचे १८६७ मध्ये कॉलेज झाले, आणि १८८१ मध्ये शाळेचे वर्ग बंद होऊन ते पुरे कॉलेज म्हणून चालू लागले. ही घडण दोघांची. एक विल्यम आर्चर पोर्टर, केंब्रिजचे १८४९ सालचे तिसरे रँग्लर. आणि दुसरे तंडलम् गोपाळराव, तंजावरकडील आपले मराठी गृहस्थ. पोर्टरसाहेबांचे नाव गावातील टाऊन हॉलला आहे. गोपाळरावांचे नाव येथील वाचनालयाने राखले आहे. पण महाराष्ट्रात ते कोणाच्या कानांवरून गेले असेल असे वाटत नाही. पुण्यात चिपळूणकर, टिळक, आगरकर यांची शाळा १८८० मध्ये निघाली, त्यापूर्वीच एक मराठी शिक्षक कावेरीकाठी तमिळ मुलांची पिढीच्या पिढी इंग्रजी विद्येत तयार करीत होता, ही गोष्ट आमच्या मते अधिक ठाऊक असावयास हवी. या कॉलेजास लोक ‘दक्षिणेचे केंब्रिज’ म्हणत. गोखल्यांच्या पश्चात भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झालेले व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री याच कॉलेजचे. कुंभकोणमहून पुण्यास गेलेले हे ऋण आपण क्वचितच आठवतो.

आता खऱ्या प्रकरणाकडे येऊ. ज्या विद्यार्थ्याच्या नावाने हे गाव आज जगात ओळखले जाते, त्याला याच कॉलेजने आत घेतले आणि याच कॉलेजात तो नापास झाला. श्रीनिवास रामानुजन् यांचा जन्म १८८७ मध्ये इरोड येथे, पण सारे बालपण कुंभकोणमात, सारंगपाणीच्या देवळासमोरील रस्त्यावरच्या लहानशा घरात गेले. वडील कापडाच्या दुकानात कारकून. पगार महिना वीस रुपये. घरखर्चाला हातभार म्हणून आई कॉलेजचे विद्यार्थी घरी जेवणा-राहण्यास ठेवीत असे. या विद्यार्थ्यांकडून त्या शाळकरी मुलाने जेवढे गणित त्यांस येत होते तेवढे काढून घेतले. लोनी यांचे त्रिकोणमितीचे पुस्तक त्याने अशाच रीतीने मिळविले आणि तेराव्या वर्षाच्या सुमारास पुरे केले. शाळेच्या वेळाबाहेर, फीवाचून, घरच्या ओटीवर मिळालेले हे शिक्षण कोणत्याही उन्हाळी वर्गापेक्षा कमी नव्हते.

येथे त्या काळच्या वेळापत्रकाकडे लक्ष द्यावयास हवे, कारण आपण आजचा क्रम डोळ्यांपुढे ठेवून विचार करतो. त्या वेळी मद्रास विद्यापीठाची मॅट्रिक डिसेंबरात होई आणि नवीन वर्षारंभी मुलगा कॉलेजात जाई. रामानुजन् १९०३ च्या डिसेंबरात मॅट्रिक झाले, पहिला वर्ग मिळाला, आणि १९०४ मध्ये कुंभकोणमच्या कॉलेजात शिष्यवृत्तीसह दाखल झाले. परीक्षा आणि प्रवेश यांच्या मध्ये उन्हाळा असा नव्हताच. ज्या दोन महिन्यांवर आजचे आईबाप इतका खर्च करतात ते दोन महिने त्या काळी कॉलेजप्रवेशाच्या हिशेबात धरलेच जात नव्हते.

जादा अभ्यास मात्र होता, आणि तो कोणत्या पुस्तकातून झाला ही फार अर्थपूर्ण गोष्ट आहे. १९०३ मध्ये एका मित्राने कॉलेजच्या ग्रंथसंग्रहातून जी. एस. कार यांचे शुद्ध व उपयोजित गणिताच्या सिद्धान्तांचे संकलन रामानुजन् यांस आणून दिले. सुमारे पाच हजार सिद्धान्त, एकाखाली एक, सिद्धता बहुधा नाहीच किंवा एका ओळीत. या पुस्तकाने तो मुलगा पेटला, हे सर्व चरित्रांत येते. परंतु हे कार कोण होते? ते थोर गणिती नव्हते. लंडनमध्ये परीक्षार्थी मुलांची गणिताची तयारी करून घेणारे ते खासगी शिक्षक होते, आणि हे पुस्तक म्हणजे त्या शिकवणीच्या टाचणांतून उतरलेला ग्रंथ होता. आजच्या भाषेत क्लासच्या नोट्स. केंब्रिजच्या गणिती परीक्षेत वरचा क्रमांक यावा म्हणून खासगी शिकवणी लावावयाची, आणि उन्हाळ्याच्या लांब सुट्टीत अशा शिक्षकाबरोबर एखाद्या थंड, निवांत गावी वाचनासाठी जाऊन राहावयाचे, ही इंग्लंडातील एकोणिसाव्या शतकातील रीतच होती. उन्हाळी शिबिरांचा वंशवृक्ष शोधावयाचा झाल्यास तो बहुधा येथे पोहोचेल.

तर, परीक्षा पास करविण्यासाठी लिहिलेले पुस्तक कुंभकोणमच्या एका मुलाच्या हाती पडले आणि त्या पुस्तकाच्या पायी तो परीक्षाच नापास झाला! गणितावाचून त्याला दुसरे काही सुचेना. इंग्रजीत तो नापास झाला, शिष्यवृत्ती गेली, आणि १९०५ मध्ये तो घरी न सांगता विशाखापट्टणमकडे निघून गेला. पुढे मद्रासच्या पच्चैयप्पा कॉलेजात दुसऱ्यांदा प्रवेश मिळाला. १९०६ च्या डिसेंबरात एफ. ए. ला तो बसला आणि नापास झाला, शरीरशास्त्राच्या विषयात तर वाईट रीतीने. १९०७ मध्ये पुन्हा तेच. म्हणजे कॉलेजात प्रवेश दोनदा मिळाला आणि दोन्ही वेळा तो निष्फळ ठरला. जादा अभ्यासाचा प्रवेशाला उपयोग होतो का, असे विचारणारे लोक एक गोष्ट विसरतात. दरवाजातून आत जाणे आणि आत टिकणे या दोन निराळ्या विद्या आहेत, आणि पहिलीची तयारी दुसरीला उपकारक होईलच असे नाही.

रामानुजन् यांना तिसरा दरवाजा उघडला तो परीक्षेने नव्हे, तर टपालाने. १९१२ मध्ये त्यांना मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेबखात्यात महिना तीस रुपयांची कारकुनी मिळाली (पुन्हा हिशेबखाते, वाचकांनी आम्हांस क्षमा करावी), आणि जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना आपले सिद्धान्त लिहून पाठविले. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने नियमांत न बसणारी अशी पंचाहत्तर रुपयांची संशोधनवृत्ती त्यांस दिली. मार्च १९१४ मध्ये ते इंग्लंडला निघाले, १९१६ मध्ये संशोधनावर बी. ए. झाले, १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सभासद झाले, आणि १९२० मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. गंमत अशी की, हे हार्डी स्वतः चौथे रँग्लर असूनही त्या परीक्षेचे आणि तिच्यासाठी चालणाऱ्या घोकंपट्टीचे कडवे वैरी होते. क्रमवारीने रँग्लर जाहीर करण्याची प्रथा १९०९ नंतर बंद झाली, तीत त्यांच्या खटपटीचाही वाटा होता. शिकवणीच्या टाचणांवर वाढलेला माणूस शिकवणीच्या शत्रूला पत्र लिहितो आणि तो शत्रू त्याला ओळखतो.

रामानुजन् यांचे उदाहरण देऊन कोणी म्हणेल की परीक्षा, वर्ग, शिबिरे सर्वच व्यर्थ. आमचे तसे म्हणणे नाही. असा मनुष्य शतकात एखादा होतो. आपल्या मुलांना दरवाजा परीक्षेच्याच किल्लीने उघडावयाचा आहे. म्हणून पुढील काळात ही किल्ली कशी बदलत गेली ते पाहिले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर तामिळनाडूत काही वर्षे एक वर्षाचा पूर्व-विद्यापीठ अभ्यासक्रम होता. १९७८ मध्ये त्याच्या जागी शाळेतच अकरावी-बारावी आली. परीक्षा मार्चमध्ये, निकाल मेमध्ये, कॉलेज जून-जुलैत. उन्हाळा परीक्षा आणि प्रवेश यांच्या बरोबर मध्ये येऊन बसला. १९८४ पासून इंजिनिअरिंग आणि वैद्यकीय प्रवेशासाठी राज्याने बारावीच्या गुणांना प्रवेशपरीक्षेची जोड दिली आणि या मधल्या आठवड्यांना एकाएकी भाव आला. बारावी संपली की दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू. ज्याच्या गावी वर्ग आहे आणि ज्याच्या बापाला फी झेपते, त्याला त्या आठवड्यांचा फायदा होई, यात संशय नाही. आणि नेमक्या याच कारणाने ही परीक्षा नको असे म्हणणाऱ्यांची संख्या वाढत गेली. खेड्यातला मुलगा त्या दिवसांत घरी बसे किंवा कामावर जाई. २००६ च्या कायद्याने राज्याने व्यावसायिक प्रवेशपरीक्षा रद्द केली आणि बारावीचे गुण हीच कसोटी ठेवली. एका कायद्याने त्या उन्हाळी वर्गांची किंमत शून्य झाली! मुले तीच, शिक्षक तेच, अभ्यास तोच. दरवाजावरचे कुलूप तेवढे बदलले. आमच्या मते या विषयातील सर्वांत बोलका पुरावा हाच आहे.

पुढचा भाग वाचकांच्या डोळ्यांदेखतचा आहे. २०१७ पासून तामिळनाडूत वैद्यकीय प्रवेशाला ‘नीट’ सक्तीची झाली. बारावीची परीक्षा मार्चमध्ये आणि ‘नीट’ मेच्या आरंभी. पुन्हा तेच आठवडे, पुन्हा तेच वर्ग. परंतु या वेळी एका उन्हाळ्यावर भागले नाही. न्यायमूर्ती ए. के. राजन् यांच्या समितीने २०२१ मध्ये जो अहवाल दिला त्यात, पहिल्या प्रयत्नातच बसणाऱ्यांच्या मानाने पुनःपरीक्षार्थींचा वाटा कसा वाढत गेला ते दाखविले आहे. म्हणजे ज्यांना परवडते ते सहा आठवडे नव्हे, एक-दोन वर्षे विकत घेतात, आणि अशांच्या पुढे सहा आठवड्यांची पूंजी ती किती! राज्य सरकारनेही शाळांतून मोफत वर्ग चालवून पाहिले. परंतु सरकारी शाळांतील मुले मोठ्या संख्येने वैद्यकीय कॉलेजात दिसू लागली ती २०२० मध्ये त्यांच्यासाठी साडेसात टक्के जागा वेगळ्या ठेवल्यावर; पहिल्याच वर्षी एम. बी. बी. एस. च्या तीनशेहून अधिक जागा त्यांस मिळाल्या. वर्गांनी जे जमले नाही ते दरवाजा रुंद केल्याने जमले. हे योग्य की अयोग्य याचा वाद येथे नको. आम्ही केवळ परिणामाची नोंद करीत आहोत.

उन्हाळ्यातील शिबिराने प्रवेश सुलभ झाला, असे निःसंशय म्हणता येईल अशी उदाहरणेही आहेत, आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. गणित ऑलिंपियाडच्या निवडीच्या पायऱ्या चढत जी थोडी मुले वर येतात त्यांचे शिबिर उन्हाळ्यात भरत आले आहे. भारताचा संघ या स्पर्धेस प्रथम १९८९ मध्ये गेला. पुण्यात श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापिलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानने महाराष्ट्रातील मुलांची याच वाटेने तयारी करून घेतली. राष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये चमकलेल्या मुलांस चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आपली प्रवेशपरीक्षा माफ करते. येथे वाट सरळ आहे. तथापि प्रवेश मिळतो तो शिबिरात बसल्याने नव्हे, शिबिरापर्यंत पोहोचविणाऱ्या परीक्षेने. आणि त्या परीक्षेस पैसा फारसा उपयोगी पडत नाही.

याचाच दुसरा दाखला कुंभकोणमातच मिळतो. शास्त्र विद्यापीठाने येथे रामानुजन् यांच्या नावाचे केंद्र काढले आणि त्यांचे घर विकत घेऊन जतन केले. २००३ च्या डिसेंबरात राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी ते लोकांस खुले केले. २००५ पासून बत्तीस वर्षांच्या आतील गणितींस येथे रामानुजन् पारितोषिक देतात. बत्तीसच का, ते वर आलेच आहे. पहिल्या वर्षीचे पारितोषिक मंजुल भार्गव आणि कण्णन् सौंदरराजन् यांना विभागून मिळाले. हे सौंदरराजन् मद्रासचे. शाळेत असताना १९८९ मध्ये ते अमेरिकेतील रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट या उन्हाळी शिबिरास गेले होते. १९९१ मध्ये ऑलिंपियाडमध्ये रौप्यपदक मिळविले आणि त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात पदवीसाठी दाखल झाले. शिबिर नसते तर प्रवेश मिळाला नसता काय? रौप्यपदक मिळविणाऱ्या मुलाविषयी असे म्हणणे धाडसाचे होईल. शिबिराने त्यास दुसऱ्या देशातील गणिताचे जग शाळकरी वयात दाखविले, एवढे मात्र म्हणता येते, आणि ते थोडे नव्हे.

परंतु हे शिबिर कडक निवडीचे आणि शिकवणीची फी न घेणारे आहे. आमच्या ओळखीच्या मंडळींच्या हातात जी पत्रके असतात ती बहुधा निराळ्या जातीची. नामांकित विद्यापीठाचे नाव, तीन आठवडे, आणि आमच्यासारख्याच्या वर्षाच्या पगारातून भागणार नाही अशी फी. त्या विद्यापीठांपैकी पुष्कळांनी आपल्याच पत्रकात लिहून ठेवलेले असते की, या वर्गास आल्याने पुढील प्रवेशात कसलेही झुकते माप मिळणार नाही. हे वाक्य लहान टाइपात असते. सरकारी कागद वाचण्याची सवय असलेल्या माणसाने तरी लहान टाइप प्रथम वाचावा.

उन्हाळी शिक्षणाचा सर्वांत उत्तम नमुना आमच्या मते यांपैकी कोणताच नव्हे. प्रा. एस. कुमरेसन् यांनी १९९३ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी गणिताचे चार आठवड्यांचे एक उन्हाळी शिक्षणसत्र सुरू केले. तेथे उत्तरे सांगण्यापेक्षा प्रश्न विचारण्यावर भर असतो. परंतु ते आधीच कॉलेजात पोहोचलेल्यांसाठी आहे. प्रवेशाच्या दलालीचा त्याला वास नाही. कदाचित म्हणूनच ते चांगले चालले असावे.

आमच्या बिऱ्हाडी सध्या आमचा भाचा असतो. यंदा अकरावी झाली. त्याच्या वडिलांचे पत्र आले की त्यास उन्हाळ्यासाठी एखाद्या मोठ्या वर्गात घालावे, खर्चाचे बघू. कचेरीतील एका वरिष्ठांचे मत असे की, वर्ग नसला तर मुलगा मागे पडतो. दुसऱ्यांचे मत, मुलाला एक महिना गावी विहिरीत पोहू द्यावे. दोघांचीही मुले चांगली निघाली आहेत, त्यामुळे निकाल लागत नाही. आम्ही भाच्यास विचारले, तुला कोठे जावयाचे आहे? कोणत्या परीक्षेसाठी, मामा? असे त्याने उलट विचारले, आणि खरे पाहता हाच प्रश्न आम्ही वरील सर्व पानांत विचारीत आलो आहोत. त्यास रसायनशास्त्राची आवड आहे. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेशपरीक्षा निघाली. तिचे प्रश्न बारावीच्या पुस्तकावरचे. तेव्हा बारावीची पुस्तके आणि गावातील एक निवृत्त शिक्षक एवढ्यावर आम्ही तूर्त निश्चय केला आहे. हे शिक्षक रायर आहेत. फीविषयी विचारले तेव्हा ते त्यांच्या मराठीत जे बोलले त्याचा अर्थ आम्हांस लागण्यास थोडा वेळ गेला. अर्थ असा की, फी नको, मुलाने संध्याकाळी आमच्याशी मराठीत बोलावे.

आपल्यासारख्या बदलीच्या नोकरदारांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे वर्ग आणि शिबिरे दोन्ही फिकी पडतात. राज्याच्या वाट्याच्या जागांसाठी बहुतेक राज्ये अधिवासाचा दाखला आणि शेवटची काही वर्षे त्याच राज्यात शिकल्याचा पुरावा मागतात. राज्यांच्या सरकारी वैद्यकीय कॉलेजांतील पंधरा टक्केच जागा अखिल भारतीय वाट्यात असतात. एन. आय. टी. मध्ये अर्ध्या जागा त्या त्या राज्यातील मुलांस, आणि मुलगा कोणत्या राज्याचा हे जन्मावरून वा मातृभाषेवरून नव्हे, तर बारावी कोठून पास झाला त्यावरून ठरते. साताऱ्यात जन्मलेला, घरी मराठी बोलणारा मुलगा कुंभकोणमात बारावी झाला की या हिशेबात तामिळनाडूचा. आणि दहावी एका राज्यात व बारावी दुसऱ्या राज्यात झाली तर पुष्कळदा कोठलाच नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी काही राज्यांनी सवलती ठेवल्या आहेत. त्यांचे नियम राज्याराज्यांत निराळे आहेत आणि ते मुलगा नववीत असतानाच मागवून वाचावेत. आपल्या बदल्यांचे हुकूमही निघतात ते याच एप्रिल-मे महिन्यांत. यंदाची यादी अद्याप आलेली नाही. आम्ही अर्जात ‘मुलाची बारावी’ हे कारण लिहिले आहे; भाचा या नात्यास नियमात जागा आहे किंवा कसे, याचा खुलासा वरच्या कचेरीकडून मागविला आहे.